सेन्सेक्स वर, मग आमची कंपनी बंद का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1986 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, पण कंटाळा आणू नकोस." माझं क्षेत्र म्हणजे फोर्टातल्या एका ऑफिसातली खुर्ची. लोकांना वाटतं, शेअर बाजारात काम करतो म्हणजे हा कुठला शेअर वर जाणार ते सांगेल. मी हिशेब विभागातला माणूस आहे. दुसऱ्यांनी घेतलेले शेअर जुळतात का, ते बघत माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा आज कोणी टिप मागू नये. गणिताच्या सरांना तर माझे मार्क अजून आठवत असतील.

2024 च्या जुलैत सेन्सेक्स ऐंशी हजारांच्या वर गेला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी फटाक्यांची चित्रं टाकली, त्याखाली अभिनंदनांची रांग लागली. रात्री अकराच्या सुमाराला आपल्याच वर्गातल्या एकाने एक ओळ टाकली. तो तारापूर एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं कामाला होता. त्याने लिहिलं होतं, "ऐंशी हजार झाला ना, मग आमची कंपनी बंद का?"

कोणी उत्तर दिलं नाही. मी दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. सकाळी कोणीतरी गुड मॉर्निंगची फुलं टाकली आणि ती ओळ वर सरकून गेली. तो आज मागच्या रांगेत बसलाय. नाव घेऊ नकोस म्हणालाय, म्हणून घेत नाही. पण त्याचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे, ते आज देतो.

हा सेन्सेक्स आपल्याच तुकडीचा आहे, हे किती जणांना माहीत आहे? मुंबई शेअर बाजाराने तो 1 जानेवारी 1986 ला सुरू केला. आपण तेव्हा दहावीच्या सराव परीक्षेला घाबरून बसलो होतो. 1978-79 या वर्षाची पातळी 100 धरली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. तीस कंपन्या घेतल्या. नंतर राष्ट्रीय शेअर बाजाराने 1996 मध्ये निफ्टी आणला, त्यात पन्नास कंपन्या.

तो मोजतात कसा? वाणगावच्या माणसाला हे मिरचीवरून सांगितलं की लगेच कळतं. समजा, वाशीच्या बाजारात आपल्याकडच्या तीन शेतकऱ्यांची मिरची गेली. एकाच्या शंभर गोण्या, दुसऱ्याच्या दहा, तिसऱ्याची एक. "आज वाणगावच्या मालाचं काय झालं?" असं विचारलं तर तिघांच्या भावाची साधी सरासरी काढून चालणार नाही. शंभर गोण्यांवाल्याचा भाव पडला तर गावात कमी पैसे आले. एका गोणीवाल्याला दुप्पट भाव मिळाला तरी त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून भाव गुणिले माल, असा हिशेब. निर्देशांकातही तसंच असतं: शेअरचा भाव गुणिले शेअरांची संख्या. ज्याचा पसारा मोठा, त्याचं वजन जास्त.

त्यात आणखी एक गोम आहे. बियाण्यासाठी ठेवलेली, लोणच्याला काढलेली, मुलीच्या सासरी पाठवलेली मिरची बाजारात येतच नाही, तर ती मोजायची कशाला? तसे कंपनीच्या मालकांकडे किंवा सरकारकडे पडून असलेले शेअर वगळायचे आणि बाजारात फिरणारे तेवढेच धरायचे. सेन्सेक्सने ही पद्धत सप्टेंबर 2003 मध्ये घेतली, निफ्टीने जून 2009 मध्ये. त्यामुळे आज निफ्टीत एकट्या एचडीएफसी बँकेचं वजन दहा टक्क्यांच्या पुढे आहे आणि वरच्या दहा कंपन्या मिळून निम्म्याहून जास्त वजन खातात. बातम्यांत ज्याला आपण "बाजार वर गेला" म्हणतो, ते बऱ्याचदा दहा-बारा कंपन्यांचं वर जाणं असतं. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या पाच हजारांवर आहेत. आणि माझ्या मित्राचा कारखाना त्या पाच हजारांतही नव्हता. त्याच्यासारखे असंख्य कारखाने कुठल्याच बाजारात नोंदलेले नसतात. तो बंद पडला त्या दिवशी सेन्सेक्सला कळायचं काही कारणच नव्हतं.

हे झालं सोपं उत्तर. एवढंच असतं तर मी ते त्या रात्रीच टाइप केलं असतं.

आता डहाणूची चिमणी आठवा. आपल्याकडे मोकळ्या जागी उभं राहिलं की उत्तरेला दिसते ती, पावणेतीनशे मीटर उंचीची. बीएसईएसने नव्वदच्या दशकात 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं केलं, तेव्हाचा वाद इथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. त्या वादाच्या एका बाजूला आपल्यातलेच काही जण होते आणि दुसऱ्या बाजूलाही. तो विषय आज काढत नाही. मला सांगायचंय ते चिमणीच्या मालकाबद्दल. बीएसईएस रिलायन्सकडे गेली, रिलायन्स एनर्जी झाली, मग 2008 मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर झाली. ही कंपनी सेन्सेक्सच्या तिसात होती. म्हणजे आपल्या खाडीकाठची चिमणी देशाच्या "टॉप थर्टी"चा भाग होती! 2008 च्या जानेवारीत तिचा शेअर दोन हजारांच्या पुढे होता. ऑगस्ट 2011 मध्ये तिला सेन्सेक्समधून काढलं. त्याच वेळी आत आलेल्या दोन कंपन्यांपैकी एक कोल इंडिया. कोळसा जाळणारी बाहेर, कोळसा काढणारी आत. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या वीज व्यवसायासोबत हे केंद्र अदानी समूहाकडे गेलं. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या घबराटीत, रिलायन्स इन्फ्राचा शेअर वीस रुपयांच्याही खाली होता.

चिमणी मात्र होती तिथेच होती. आणि सेन्सेक्सच्या आलेखात 2011 नंतरचा हा खड्डा शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तोपर्यंत कंपनी यादीबाहेर गेली होती.

सत्यमचंही तसंच. 7 जानेवारी 2009 ला मालकाने हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं, एका दिवसात शेअरची तीन-चतुर्थांशहून जास्त किंमत गेली. काही दिवसांतच ती सेन्सेक्सबाहेर. असं कोणाला काढताना आणि दुसऱ्याला घेताना ज्या संख्येने भागतात ती अशी बदलतात, की त्या दिवशी आकडा मुळीच हलत नाही. पुढे जुन्याचं काहीही होवो, ते मोजलं जात नाही. 1986 च्या मूळ यादीत पद्मिनी टॅक्सी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, अ‍ॅम्बॅसॅडरवाली हिंदुस्तान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग होती. त्या आज कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. शंभराचे ऐंशी हजार झाले ते त्या मूळ तीस कंपन्यांचे नव्हेत, सतत बदलत गेलेल्या यादीचे.

हे सांगताना मला आपल्या हजेरीपटाची आठवण होते. पाचवीत आपण बाकावर चार-चार बसायचो. दहावीच्या निकालाच्या कागदावर किती नावं होती? मधली कुठे गेली? कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून, मुलींची लग्नं झाली. शाळेचा निकाल चांगला लागला असं आपण म्हणतो, तो शेवटच्या हजेरीपटाचा निकाल. आजच्या मेळाव्याचं निमंत्रणही त्याच पटावरून गेलं. संयोजकांवर टीका नाही, त्यांच्याकडे दुसरी यादीच नाही.

असो. आता मित्राच्या प्रश्नाचा तो भाग, जो मला टाइप करता आला नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला निर्देशांक हा फक्त मोजायचा आकडा होता. पुढे लोकांनी विचार केला, शेअर निवडणारा हुशार माणूस पगारावर ठेवण्यापेक्षा यादीत आहेत तेच शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवले तर? खर्च कमी, डोक्याला ताप नाही. अमेरिकेत हे 1976 पासून चाललं होतं. आपल्याकडे 2001 च्या अखेरीस निफ्टीवर बेतलेला पहिला ईटीएफ आला, त्याचं नाव "निफ्टी बीज". इंग्रजी अक्षरांचं ते लघुरूप आहे, पण मला आपलं ते बियाणंच वाटायचं. आणि उगवलंही तसंच. आता यादीत कोण आहे यावर नुसती प्रतिष्ठा ठरत नाही, पैसा ठरतो. यादी बदलते त्या दिवशी दुपारी तीन ते साडेतीन या अर्ध्या तासात आमच्या ऑफिसात कोणी चहाही मागवायचं नाही. आत येणारीचे शेअर घ्यायचेच, जाणारीचे विकायचेच. ती कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

ऑगस्ट 2015 पासून यात आपली भविष्य निर्वाह निधी संघटना उतरली. आधी नव्या ठेवींच्या 5 टक्के, पुढच्या वर्षी 10, आणि 2017 पासून 15 टक्क्यांपर्यंत पैसे, मुख्यतः सेन्सेक्स आणि निफ्टीच्या ईटीएफमध्ये. म्हणजे बोईसरला तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या पगारातून कापलेल्या पीएफचा एक भाग दर महिन्याला देशातल्या सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्यांत जातो, आणि ज्याचं वजन जास्त त्याच्याकडे जास्त जातो. माझ्या मित्राचेही गेले. त्याला माहीत नव्हतं. मलाही माझ्या कामाचा भाग म्हणूनच माहीत होतं. त्याचा आणि याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

इथे एक गैरसमज काढतो. तुम्ही बाजारात शेअर घेता तेव्हा पैसे कंपनीच्या गल्ल्यात जात नाहीत, विकणाऱ्याच्या खिशात जातात. मग मोठ्या कंपनीला आधार मिळतो तो कसा? कायम गिऱ्हाईक असल्याने. पडत्या काळातही दर महिन्याला न विचारता घेणारं कोणीतरी आहे, म्हणून भाव टिकायला मदत होते. आणि भाव चांगला असला की भांडवल उभं करणं स्वस्त पडतं. 2020 चा मे-जून आठवा. आपण सगळे घरात कोंडलेले होतो. त्या वेळी रिलायन्स इंडस्ट्रीजने हक्कभाग विकून 53,124 कोटी रुपये उभे केले. व्यवसाय मोठा आहे, कर्ज फेडायचं होतं, भागधारकांनी पैसे दिले. त्यात गैर काही नाही. त्याच महिन्यांत माझ्या मित्राचा मालक खेळत्या भांडवलाच्या काही लाखांसाठी बँकेच्या पायऱ्या चढत होता. त्याच्याकडे दाखवायला शेअरचा भाव नव्हता, होती ती जुनी मशिनं आणि न आलेली बिलं. वर्षभर तो कसाबसा ओढत राहिला आणि मग शटर ओढलं.

म्हणून, मित्रा, माझं उत्तर असं आहे. सेन्सेक्स वर जाण्याचा आणि तुझी कंपनी बंद होण्याचा कार्यकारणसंबंध मी जोडू शकत नाही. जोडला तर ते खोटं होईल. पण दोन्हींमध्ये काहीच नातं नाही, असंही मला म्हणता येत नाही. तुझ्या घामाचा पैसा एका ठरलेल्या वाटेने मोठ्यांकडे जात होता. तुझ्या कारखान्याकडे येणारी तशी वाट कोणी बांधलेली नव्हती. कोणी कट केला नाही. हिशेबाला सोपं पडतं, म्हणून असं झालं. पीएफचा पैसा लहान कारखान्यांत लावा असं मी म्हणणार नाही, तो बुडाला तर म्हातारपणी काय करायचं? आणि त्या पन्नासांनी गेल्या काही वर्षांत तुझा पैसा वाढवलाच आहे, हेही खरं. तरी ऐंशी हजारांचे फटाके बघताना मला आता पूर्वीसारखं निर्धास्त वाटत नाही.

एक शेवटचं, कामाचं. पीएफच्या पासबुकात हे ईटीएफ वेगळे दिसत नाहीत, फक्त जाहीर झालेलं व्याज दिसतं. पण पासबुक तरी बघा. कारखाना बंद झालेल्यांपैकी कितीतरी जणांनी खातं नव्या नोकरीत जोडलेलंच नाही, काहींच्या नावात आधारपेक्षा एक अक्षर वेगळं आहे. जेवणानंतर मी बाहेर हातपंपाजवळच्या कट्ट्यावर बसणार आहे, चष्मा आणलाय. साडेपाचची डहाणू लोकल येईपर्यंत वेळ आहे. मोबाइल घेऊन या, एकेकाचं उघडून बघू. मागच्या रांगेतल्याने पहिला नंबर लावायचा आहे.