ते खुर्ची
(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)

सर्व बाई, सर आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' सांगायला दहा मिनिटं दिली आहेत. जर्मनीत दहा म्हणजे दहाच. पण आपण मिरजेत आहोत, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

२०१६ मध्ये मला स्टुटगार्टला नोकरी मिळाली. नवरा, सात वर्षांची मुलगी आणि प्रेशर कुकर घेऊन मी तिकडे गेले. ऑफिसचं काम इंग्रजीत चालणार होतं, त्यामुळे भाषेचा प्रश्न येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. ऑफिसच्या दारापर्यंत ते खरंही होतं.

बाहेर मात्र रोज काहीतरी नवीन. राहायला गेलं की दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत नाव नोंदवायचं, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. आम्ही ते लावलंच नव्हतं, म्हणून बँकेचं कार्ड परत गेलं. रविवारी दुकानं बंद. पहिल्याच रविवारी दूध संपलं, तेव्हा नवऱ्याला मुख्य स्टेशन गाठावं लागलं, कारण तिथली दुकानं उघडी असतात. शेजारी काय म्हणतील या धास्तीने मी रविवारी मिक्सरखाली टॉवेलची घडी ठेवायचे.

आणि त्या भागातली खास पद्धत म्हणजे 'केअरवोख'. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दाराला पाटी अडकवतात. त्या आठवड्यात जिना, तळघराचा बोळ त्यांनी झाडायचा, मग पाटी पुढच्या दारावर. आपण वर्ग झाडायच्या पाळ्या फळ्यावर लिहायचो, तसंच. मला हे काम आवडायचं. झाडताना व्याकरण लागत नाही.

व्याकरणाचं सांगते, मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना आवडेल. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत. डेअर, दी, दास, म्हणजे तो, ती, ते. आकडेही आपल्यासारखे, चोवीस म्हणजे 'चार आणि वीस'. मला वाटलं, मी मराठी माध्यमातली, मला हे सोपं जाणार. आकडे सोपे गेलेही. पण लिंगं आपली लावून चालत नाही. चमचा तो, इथवर ठीक. काटा मात्र ती, सुरी ते, आणि मुलगी चक्क 'ते'!

वर्षभराने माझ्याकडून तळघराची किल्ली हरवली. खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगायला गेले. आपली किल्ली ती, म्हणून मी 'दी' लावलं. जर्मनमध्ये किल्ली तो. शिवाय त्या शब्दाचं अनेकवचन तसंच राहतं, फक्त आधी 'दी' येतं. थोडक्यात, मी त्यांना सांगितलं की किल्ल्या हरवल्या. मुख्य दाराचीही गेली असेल तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते, आणि तो खर्च हजारो युरोंचा. आजींनी घरमालकांना फोन लावला, ते अर्ध्या तासात हजर. मी जिन्यात हातवारे करतेय आणि कुणाला काही कळत नाहीये. शेवटी मुलगी शाळेतून आली आणि तिने दोन वाक्यांत प्रकरण मिटवलं. सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. रात्री मुलगी म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तू बोलू नकोस, मी बोलेन."

त्यानंतर चार महिने मी जिन्यात 'हालो'च्या पुढे गेले नाही. बाहेर पावलं वाजली की ती जाईपर्यंत दार उघडायची नाही. ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळणारी बाई!

त्या दिवसांत मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवायला लागली. आठवीत आली होती. वडील रेल्वेत, हुबळीहून बदली. नाव घेत नाही, पण बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल. पहिल्याच आठवड्यात ती बाईंना म्हणाली, "ते खुर्ची मोडलंय." वर्ग हसला. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी असतात, हे मला स्टुटगार्टमध्ये बंगळूरच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. म्हणजे मी 'दी' ज्या कारणाने लावलं, त्याच कारणाने तिने 'ते' लावलं होतं. मिरजेच्या बाजारात कानडी ऐकत वाढलो आपण, तरी हे कधी विचारावंसं वाटलं नाही. आपण तिचं नावच 'ते खुर्ची' ठेवलं.

आपण म्हणतेय, पण ठेवलं मी. मागच्या बाकावरून पहिल्यांदा मी म्हटलं, मग ते सगळ्यांचं झालं. दहावीपर्यंत ती वर्गात जवळजवळ बोललीच नाही. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे. तोंडी परीक्षेत मात्र खाली बघत उभी राहायची. मला वाटायचं, शिष्ट आहे.

माझी बोलती पुन्हा सुरू केली ती त्या आजींनीच. आमची पाळी आली तेव्हा पाटी घेऊन त्या स्वतः वर आल्या. हातातली किल्ली उंच धरून म्हणाल्या, "डेअर." मला म्हणायला लावलं. मग कुलूप ते, जिना ती, बादली तो. मी चुकले की हसायच्या, पण बरोबर म्हणेपर्यंत थांबायच्या. पुढे दर केअरवोखला हा वर्ग भरायचा.

मेळाव्याच्या ग्रुपवर मी तिला शोधलं. ती नाही. लग्नानंतरचं आडनाव कुणालाच माहीत नाही. रेल्वे कॉलनीत राहणाऱ्यांपैकी कुणाकडे तिचा, तिच्या भावाचा, कुणाचाही नंबर असेल तर जेवणाआधी मला द्या. मी आणखी पाच दिवस इथे आहे. हुबळी काही लांब नाही, सकाळच्या गाडीने जाऊन येता येईल.