लघवीतून रक्त गेले, पण दुखले नाही



आज मी तुमच्याशी लघवीच्या एका विकाराबद्दल बोलणार आहे. हा विषय काढला की माणसे खाली बघतात. काही जण हसतात. हसा, हरकत नाही. पण उठून जाऊ नका. बायाबापड्यांनीही जरा पुढे सरकून बसावे. हे दुखणे त्यांनाही होते.

आधी शरीराची रचना बघू. आपल्या पाठीकडच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, दोन मूत्रपिंडे असतात. आकार काजूगरासारखा आणि मोठेपणा मुठीएवढा. ही मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळतात. गाळून निघालेली घाण लघवी होऊन दोन बारीक नळ्यांतून खाली येते. ओटीपोटात एक पिशवी असते, तिच्यात ती साठते. या पिशवीला मूत्राशय म्हणतात. पुरुषांमध्ये या पिशवीच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. तिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. या सगळ्या जागी गाठ होऊ शकते. मी जास्त बोलणार आहे ते मूत्राशयाच्या गाठीबद्दल. कारण ती लवकर खूण देते, आणि आपण ती खूण फुकट घालवतो.

समजा, देवबागचा एक रापणीचा माणूस आहे. वय साठ. आपण त्याला तात्या म्हणू. एके दिवशी सकाळी तात्याला लाल लघवी झाली. अगदी कोकमाच्या आगळासारखी. पण दुखले नाही, जळजळ नाही, ताप नाही. तात्या म्हणाला, "उष्णता झाली असात. माका काय दुखणा नाय. मग डॉक्टरकडे कित्याक जाऊ?" घरच्यांनी त्याला शहाळे दिले, धण्याजिऱ्याचे पाणी दिले. दोन दिवसांत लघवी साफ झाली. शहाळ्याला श्रेय मिळाले आणि तात्या पुन्हा रापण ओढायला गेला.

तीन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले. पुन्हा शहाळे आणि पुन्हा लघवी साफ. असे वर्ष गेले.

आता आत काय चालले होते ते ऐका. ही गाठ मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर उगवते. पुष्कळदा ती खडकावरच्या शेवाळासारखी मऊ आणि झुपकेदार असते. तिचा एखादा तुरा तुटला की रक्त येते. ती जागा आपोआप बंद झाली की रक्त थांबते. रक्त थांबले, पण गाठ तिथेच राहिली. शहाळ्याने काही बिघडले नाही आणि गाठीचेही काही झाले नाही.

आपल्या मनात एक हिशेब पक्का बसला आहे. दुखले तर रोग, न दुखले तर रोग नाही. इतर दुखण्यांत हा हिशेब चालतही असेल. इथे तो उलटा आहे. मुतखड्याने माणूस गडाबडा लोळतो. लघवीत जंतू झाले तर आग होते. पण न दुखता रक्त गेले, तर त्याची चौकशी आधी करायची. एकदाच गेले असले तरी करायची.

लगेच घाबरूनही जाऊ नका. लाल लघवी म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही. बीट खाल्ल्यावर लघवी तांबडी होते. क्षयाच्या एका औषधाने ती नारिंगी होते. खड्याने, जंतूंनी किंवा प्रोस्टेट सुजल्यानेही रक्त येते. ज्यांची तपासणी होते त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. पण ते तपासल्यावर कळते. घरी बसून कळत नाही.

बायकांचे तर आणखी अवघड. रक्त दिसले की पाळीचे असेल म्हणून सोडून द्यायचे. दवाखान्यात गेल्या तर जंतूंच्या गोळ्या मिळतात. गोळ्या संपतात, रक्त पुन्हा येते, पुन्हा त्याच गोळ्या. यात महिने जातात. माझ्या बहिणींनो, पाळी थांबल्यावर रक्त दिसले तर ते कोणत्या वाटेने आले याची खात्री करून घ्या. दोन्ही वाटांचे रक्त डॉक्टरला सांगायचेच आहे. आणि गोळ्या घेऊनही लघवीत रक्त येत राहिले, तर "सोनोग्राफी करायला हवी का?" असे सरळ विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

ही गाठ होते कशाने? सगळी कारणे सांगता येत नाहीत, पण मोठे कारण माहीत आहे. ते बिडी आणि सिगारेट. तुम्ही म्हणाल, धूर तर छातीत जातो, मग मूत्राशयाचा काय संबंध? धुरातले विष छातीतून रक्तात जाते. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून काढतात. मग ते लघवीबरोबर मूत्राशयात येऊन तासन्‌तास साठून राहते आणि अस्तराला लागत राहते. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जनच्या एक गोष्ट ध्यानात आली. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना ही गाठ होत होती. पुढे कळले की त्या रंगांच्या कामात जी विषे होती, त्याच जातीची विषे तंबाखूच्या धुरातही असतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला या रोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो.

आता तात्या एकदाचा दवाखान्यात गेला असे धरू. लघवी तपासली. सोनोग्राफी झाली. मग दुर्बिणीने तपासणी झाली. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत घालतात आणि मूत्राशय आतून बघतात. अशी दुर्बीण १८७७ साली मॅक्सिमिलियन निट्झे या जर्मन डॉक्टरने पहिल्यांदा दाखवली. ऐकून अंगावर काटा येतो, पण जागा आधी बधिर करतात.

गाठ सापडली तर तीही त्याच वाटेने काढतात. कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात आणि दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. पोटावर चिरा नाही, टाका नाही. काढलेला तुकडा तपासायला जातो. सगळे पुढचे या तुकड्याच्या रिपोर्टवर ठरते. गाठ अस्तरातच आहे की खाली मांसात उतरली आहे, हे त्यात लिहिलेले असते. जगातला अनुभव असा की दहातल्या सुमारे सात जणांची गाठ मांसात उतरण्याआधीच सापडते. त्यांचे मूत्राशय बहुधा वाचते.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस, कधी जास्त दिवस, लघवीच्या वाटेत नळी असते. तिला खाली पिशवी जोडलेली असते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा. नळीला पीळ पडू देऊ नका, ओढू नका. नळी असताना सारखी लघवीला लागल्यासारखे वाटते. कळ काढा, जोर करू नका. नळी काढल्यावर काही दिवस आग होते, लघवी गुलाबी येते. पाणी भरपूर प्या. पेज प्या, ताक प्या. मात्र ज्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने किती प्यायचे ते डॉक्टरला विचारावे.

दहा-बारा दिवसांनी आतली खपली सुटते आणि पुन्हा थोडे रक्त दिसते. घरातली माणसे रडायला लागतात. रडू नका. पाणी प्यायल्यावर ते कमी होते. पण रक्ताच्या गुठळ्या येऊन लघवी अडली आणि ओटीपोट ताठ झाले, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी करा. हुडहुडी भरून ताप आला तरी तसेच.

निदान तीन आठवडे रापण ओढायची नाही, माडावर चढायचे नाही, पाण्याने भरलेली कळशी उचलायची नाही. शौचाला कुंथू नये म्हणून पपई, केळी आणि पालेभाज्या खा. आणि बिडी सोडा. "आता काय, व्हायचे ते होऊन गेले," असे म्हणणारे असतात. नाही. बिडी चालू ठेवली तर गाठ पुन्हा येण्याचा धोका वाढतो.

कारण ही गाठ परत येणारी आहे. निम्म्याहून अधिक रोग्यांत ती पुन्हा उगवते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी अनेक वर्षे. इथेच आपला माणूस पुन्हा फसतो. "माका आता बरा वाटता," म्हणतो आणि तारीख चुकवतो. पहिल्या वेळी दुखत नव्हते म्हणून गेला नाही. आता बरे वाटते म्हणून जात नाही.

काहींना गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात औषध सोडतात. ते औषध ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तान्ह्या मुलाला दंडावर बीसीजीची लस टोचतात ना, क्षयाची? तीच जात. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस या डॉक्टरने ती मूत्राशयाच्या गाठीवर वापरून दाखवली. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट हे औषध बनवते. आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे ते देतात. औषध दोन तास पोटात धरायचे. मग बसून लघवी करायची. पुढचे सहा तास संडासात दर वेळी ब्लीचिंगचे पाणी ओतून पाव तास तसेच ठेवायचे, कारण औषधात जिवंत जंतू असतात. दुबळे केलेले, पण जिवंत.

गाठ मांसात उतरली असेल तर गोष्ट मोठी होते. तेव्हा पुष्कळदा मूत्राशयच काढावे लागते. मग आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीला नवी वाट करतात. ती पोटावर, बेंबीच्या उजवीकडे उघडते. तिथे पिशवी चिकटवतात. हे ऐकून कित्येक जण ऑपरेशनच नाकारतात. "पोटाला पिशवी बांधून फिरू? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत, कारण लोकांना ती दिसतच नाही. सदऱ्याखाली, लुगड्याखाली ती झाकून जाते. नीट बसवली तर वास येत नाही. निम्मी भरायच्या आत रिकामी करायची. रात्री मोठी पिशवी जोडायची म्हणजे झोपमोड होत नाही. अशी माणसे आंगणेवाडीच्या जत्रेला जाऊ शकतात, रात्रभर दशावतार बघू शकतात. ताकद यायला मात्र दोन-तीन महिने लागतात. नवराबायकोच्या संबंधातही फरक पडू शकतो. हे ऑपरेशनच्या आधी दोघांनी मिळून डॉक्टरला विचारावे. लाजेने विचारले नाही तर पुढे मनात अढी बसते.

बाकीच्या जागांचे थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडात गाठ असेल तर कधी ते पूर्ण मूत्रपिंड काढतात. उरलेले एक धड असेल तर त्यावर माणूस नीट जगतो. फक्त अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि रक्तदाब तपासत राहायचा. म्हाताऱ्या माणसाची धार बारीक झाली तर बहुधा प्रोस्टेटची साधी सूज असते, पण तपासावे. आणि तरण्या पोरांनो, अंडाला न दुखणारी टणक गाठ लागली तर कुणालातरी सांगा. हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

जायचे कुठे? आधी आपल्या आरोग्य केंद्रात. तिथून ओरोसच्या सरकारी रुग्णालयात. आपल्याकडचे पुष्कळ रोगी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचेच काम करते. तिथे उपचार चालू असताना राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ज्या रुग्णालयात ती चालते तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा. दागिने गहाण ठेवण्याच्या आधी भेटा.

गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र जपा. दुसरा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो. पावसाळ्यात कौले गळतात, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा.

आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. सगळ्यांसमोर नको वाटत असेल, तर मी अर्धा तास बाहेर पडवीत बसणार आहे.