पॅलेस्टाइनचे राज्य आणि विहिरीचा परवाना



पॅलेस्टाइन म्हटले की आपल्याकडे बहुधा जेरुसलेमविषयी बोलले जाते. मी आज विहिरीविषयी बोलणार आहे. राळेगणसिद्धीत तो विषय लवकर समजतो. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने येथे पाझर तलावाची दुरुस्ती झाली, नालाबांध झाले, शेतकऱ्यांनी मिळून विहिरी खोदल्या. पाऊस पूर्वीइतकाच पडत राहिला. मात्र बांध कोठे घालायचा, हे गावाने ठरवले.

जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी शेतकऱ्याला हे ठरवता येत नाही. १९६७ च्या युद्धात इस्रायलने तो प्रदेश घेतला आणि त्याच वर्षी लष्करी हुकुमाने परवान्याशिवाय विहीर खणण्यास मनाई केली. १९९५ च्या करारात पॅलेस्टिनींचा पाण्यावरील हक्क मान्य झाला. पण तो किती, हे अंतिम वाटाघाटींवर सोडले. तोवर संयुक्त पाणी समिती नेमली. तीत दोन्ही बाजू समसमान आहेत खऱ्या, पण तिचा अंमल पश्चिम किनाऱ्यापुरताच; इस्रायलमधील विहिरी तिच्या कक्षेत येत नाहीत. त्या अंतिम वाटाघाटी अजून पुऱ्या झालेल्या नाहीत.

आता शेजारी पाहा. ईजिप्तला १९७९ च्या तहाने सिनाई परत मिळाले. जॉर्डनशी १९९४ मध्ये तह झाला, त्यात इस्रायलने पाणी देण्याचे कबूल केले. हे दोन्ही देश राज्य म्हणून तहाला बसले होते. ज्यांना राज्य नाही, त्यांच्या वाट्याला समिती आली!

भारताने पॅलेस्टाइनला १९८८ मध्ये मान्यता दिली. ब्रिटन व फ्रान्स यांनी ती २०२५ मध्ये दिली. आता असे दीडशेहून अधिक देश आहेत, पण मान्यतेने विहिरीचा परवाना मिळत नाही.

इस्रायली नागरिकाची भीतीही खोटी नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात हजारो मुले दगावली. (ज्यू म्हणताच कपाळाला आठी घालणाऱ्या मुलांना मी सांगतो, आपल्या कोकणातले बेने इस्रायल घरी मराठीच बोलत.)

मला सर्वांत सरळ वाटतो तो २००२ चा बैरूतचा प्रस्ताव. इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेला मुलूख सोडावा, पॅलेस्टाइनचे राज्य व्हावे, मग सर्व अरब देश इस्रायलशी शांततेचे संबंध जोडतील, असा तो होता. २००७ मध्ये अरब लीगने त्याला पुन्हा दुजोरा दिला. पुढे २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरात व बहरीन यांनी त्या राज्याची वाट न पाहता करार केले. सौदी अरेबियाने मात्र अजून तसा करार केलेला नाही.