भडकणाऱ्या ताऱ्याची नोंदवही



भुजंगधारी तारकासमूहात आर. एस. ऑफियुची नावाचा तारा आहे. एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. पण १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ साली तो एकाएकी शेकडो पटीनं उजळल्याची नोंद आहे.

हा कुणाचा कोप नाही, अपशकुनही नाही. तिथं दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक फुगलेला तांबडा, दुसरा लहान पण भलताच घन, श्वेत बटू. तांबड्याचा वायू बटूवर साचतो, दाब आणि उष्णता वाढते, एक दिवस भडका उडतो. बटू शिल्लक राहतो आणि वायू पुन्हा साचू लागतो. कारण आहे म्हणून कार्य आहे.

२००६ च्या भडक्यानंतर आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीनं त्याच्यावर नजर ठेवली. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ती रेडिओ लहरी टिपते. उसळलेला वायू भोवतालच्या वायूवर आदळला की या लहरी निघतात. त्या कशा वाढल्या, कशा ओसरल्या, यावरून स्फोटाचा अंदाज येतो. एकदा बघून भागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या शिकलेल्यांचं काम. तर ऐका. बंगालात जेसोरला राधागोविंद चंद्र हे कोषागारात कारकून होते. मॅट्रिकसुद्धा पास नव्हते. १९१८ साली गरुड तारकासमूहात झळकलेला नवा तारा त्यांनी स्वतः हेरला. पुढं अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला त्यांनी ३७,००० वर नोंदी पाठवल्या. संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली.

रीत साधी आहे. तेज ठाऊक असलेल्या शेजारच्या ताऱ्यांशी ताडायचं, तारीख-वेळ लिहायची. दिसला नाही तर तेही लिहायचं. गिरणीत एका पाळीची नोंद सुटली तर बिघाड कधी सुरू झाला कळत नाही, तसंच हे.

उत्तर मुकुटातला एक तारा १८६६ साली भडकला, नंतर थेट १९४६ साली. मधे ऐंशी वर्षं! एका हयातीत हे काम पुरं होत नाही, वही पुढच्याच्या हाती द्यावी लागते. म्हणून विनंती, घरातल्या मुला-मुलींना एक वही द्या. मृगातला काक्षी नुसत्या डोळ्यांना दिसतो, त्याचं तेज कमी-जास्त होतं. तिथून सुरुवात करा. आभाळ बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

जयभीम.