वाङ्निश्चयाचे छायाचित्र

पूर्वी उपवर मुलीचे छायाचित्र काढवीत, ते पसंती मिळावी म्हणून. आज नियोजित वधूवर एकत्र छायाचित्र काढवितात, ते पसंती झाल्यावर. हा पालट लहान नव्हे. त्यासाठी उल्हासनगर वा बदलापूरच्या जोडप्यास दूर जावयास नको. शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय जवळच आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात तेथील शिल्पांचा उठाव विशेष खुलतो. मात्र ते संरक्षित स्मारक असून तेथे नित्य पूजाही चालते. म्हणून पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची चौकशी आधी करावी. भाविकांची वाट अडवू नये. आणि यंत्राकडे न पाहता एकमेकांकडे पाहावे. पसंती उमटते ती त्या दृष्टीत.