विटाळ आणि मजुरी



माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा समाजशास्त्राची भाषा माझ्याकडून अपेक्षू नये. भेदभावाचा विषय निघाला की आपण मने बदलण्याच्या गोष्टी बोलतो. मी आज मनाविषयी बोलणार नाही. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते आणि त्याचे दाम किती मिळते, एवढ्याचविषयी बोलणार आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण घ्या. रिंग खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींचे कामगार असत. विणाईच्या खात्यात, म्हणजे साळखात्यात, मात्र त्यांना मज्जाव असे. कारण काय? धोट्यातली कांडी संपली म्हणजे नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, म्हणून विटाळ! ऐकायला कारण धर्माचे. पण साळखात्यातली मजुरी रिंग खात्यापेक्षा जास्त होती, हे कारण सांगणारे सांगत नसत.

बरे, ही तोंडाने सूत ओढण्याची पद्धत तरी चांगली होती काय? ती जातपात न पाहता सर्वांच्याच प्रकृतीला वाईट होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ती १९११ सालीच कायद्याने बंद केली. म्हणजे तोंड न लावताही सूत ओवता येत होते. आमच्याकडे मात्र धोटा तोच राहिला आणि माणसे बाहेर राहिली. माझे मत असे, की विटाळात मालकाचीही सोय होती आणि चांगल्या मजुरीत वाटेकरी नको असलेल्या कामगाराचीही.

१९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा साळखात्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मागण्यांत तो घातला गेला, पण खळखळ करीत. पुढे १९३८ साली मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, आणि तो सर्व वर्गांत भिनलेला आहे, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. आम्हा युनियनवाल्यांना यातला पहिला शत्रू पाठ आहे. दुसऱ्याचे नाव घेताना आमचा आवाज अजून खाली येतो.

आता कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, धोटेही गेले. १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताही गेली. मग गटारात कोण उतरते? माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, उतरणाऱ्याचे आडनाव फारसे बदलले नाही.

आणि गटारापर्यंत कशाला जावे? कचरा नेणाऱ्या बाईंचा चहाचा कप कित्येक घरांत वेगळा असतो. विचारले तर उत्तर येते, ‘जातीचे काही नाही हो, स्वच्छतेसाठी.’ दिवसभर रोगी तपासून आलेले डॉक्टर घरी आले, तर त्यांना आपण कोणत्या कपातून चहा देतो? तो जुना धोटाच आज आपल्या स्वयंपाकघरात कप होऊन बसला आहे.

यात नुकसान एकट्या त्या बाईंचे होत नाही. एका कारखान्यात सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले, तेव्हा कायम कामगारांनी हूं की चूं केले नाही. ‘ते लोक वेगळे, त्यांचा प्रश्न वेगळा,’ असे माझ्या तोंडावर सांगितले. दोन वर्षांत कँटीन गेले, मग पॅकिंग गेले, शेवटी यंत्रावरची कामेही कंत्राटात गेली. संपाची नोटीस द्यायची म्हटले, तेव्हा फाटकापाशी उभे राहायला निम्मीही माणसे नव्हती. ज्यांना वेगळे म्हटले होते, ते आमच्यासाठी का थांबतील?

म्हणून आपणांस एकच विनंती. उद्या सकाळी कचरा नेणाऱ्या बाई दारात येतील, तेव्हा त्यांना विचारा: तुमचा मालक कोण? किमान वेतन मिळते का? हातमोजे कोण देतो? भविष्यनिर्वाह निधी कापतात, तो भरतात का? उत्तर ऐकून दया दाखवू नका. सोसायटीच्या सभेत तो विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आणि हे सारे विचारायचे ते आधी त्यांना घरातल्याच कपातून चहा देऊन.