म्हाताऱ्या कुत्र्याचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलतांना भांडींकुंडीं, पुस्तकें आणि देव्हारा यांची यादी प्रत्येक गृहस्थ करतो. त्या यादींत न बसणारा एक जीव पुष्कळ घरांत असतो, तो म्हणजे दहाबारा वर्षें दाराशीं बसून म्हातारा झालेला कुत्रा. त्याचें काय करावें, हा प्रश्न बहुधा सामान बांधून झाल्यावरच सुचतो. आमच्या साकोलीस तो आतां वारंवार पडतो. मुलें नागपूर-पुण्यास नोकरीस लागतात, धानाच्या बांध्या मक्त्यानें दिल्या जातात, आईबाप मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहावयास निघतात आणि कुत्रा आंगणांत उरतो.

अशा वेळीं महाभारतांतील धर्मराजाची आठवण कोणी तरी करून देतोच. कुत्र्याला सोडून रथांत बसण्यास त्यानें नकार दिला, हें खरें; परंतु धर्मराजापुढें सदनिकेच्या भाड्याचा किंवा जिन्याच्या पायऱ्यांचा प्रश्न नव्हता! सांधे धरलेल्या कुत्र्यास दिवसांतून चार वेळां जिना चढावयास लावणें ही कांहीं भूतदया नव्हे. मात्र ‘सोसायटी ठेवूं देत नाहीं’ एवढ्याच सबबीवर कोणी कुत्रा देऊं नये. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ सालींच कळविलें आहे. तेव्हां अडचण जिन्याची आहे, प्रकृतीची आहे कीं केवळ शेजाऱ्यांच्या कपाळावरील आठीची आहे, तें आधीं ठरवावें.

कांहीं मंडळी सोपा मार्ग काढतात. गाडींतून नेऊन कुत्रा जंगलाच्या रस्त्यावर सोडतात आणि ‘मोकळा केला’ असें म्हणतात. आमच्याकडे जंगल म्हणजे नागझिरा. १९७० सालीं तें अभयारण्य झालें आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत आलें. तेथें घरच्या भातावर वाढलेला म्हातारा कुत्रा म्हणजे बिबट्याचें आयतें भक्ष्य. शिवाय कुत्र्यांना होणारा डिस्टेंपरसारखा रोग वन्य पशूंनाहि होतो. गुजरातेंत गीरच्या अरण्यांत २०१८ सालीं वीसाहून अधिक सिंह दगावले. त्यांतील अनेकांत याच रोगाचा विषाणू सांपडला होता. उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा करतांना पहिल्या गुन्ह्यास दंड ठरला फार तर पन्नास रुपये. इतक्या स्वस्तांत कर्तव्यांतून सुटका होत असेल, तर कायद्यापेक्षां माणसाच्या लाजेवरच भिस्त ठेवली पाहिजे.

मग कुत्रा द्यावा कोणाला? जपानांतील हाचिकोची गोष्ट आपण ऐकली असेल. त्याचे धनी प्राध्यापक उएनो १९२५ सालीं वारले. कुत्रा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षें शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला, एवढाच भाग लोक सांगतात. मधला भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. धनी गेल्यावर त्याला एका घरांतून दुसऱ्या घरीं दिलें. तेथें त्याचें मन रमेना. शेवटीं तो उएनोंच्या जुन्या माळ्याकडे, कोबायाशीकडे आला. हा माळी त्याच्या ओळखीचा होता. हाचिको तेव्हां तरुण होता. तरुण कुत्र्याची ही कथा, तर ज्याचे डोळे मंदावले आहेत त्याची काय असेल? म्हातारा कुत्रा घर ओळखतो तें वासानें. नव्या ठिकाणीं ओळखीचा एकहि वास नसला, तर तो बंगल्यांतहि अनाथच.

आमच्या गल्लींतील एका कुटुंबानें आपला अकरा वर्षांचा मोत्या भंडाऱ्याच्या एका सुखवस्तु स्नेह्यांस द्यावयाचें ठरविलें होतें. तेथें बंगला, बाग, सर्व कांहीं होतें. त्यांच्या शेतावरील सालदाराचें नांव मीं सुचविलें, तेव्हां घरच्या बाईंना तें बरें दिसलें नाहीं. गडीमाणसाकडे कुत्रा दिला तर लोक काय म्हणतील, असें त्या म्हणाल्या. सालदार मात्र मला म्हणाला, “गुरुजी, तो माझ्याच हातचा भात खाऊन मोठा झाला जी.” या एका वाक्यापुढें बंगल्याची काय प्रतिष्ठा! शेवटीं बाईंनींच होकार दिला.

निघण्यापूर्वीं महिनाभर मोत्या अधूनमधून सालदाराकडे राहूं लागला. त्याचें गोणपाट न धुतां तेथें नेलें. तेंच ताटलें, जेवणाची तीच वेळ. रेबीजची लस टोंचल्याचा कागद सालदाराच्या स्वाधीन केला. त्याच्या खोडीहि लपविल्या नाहींत : फटाक्यांना भितो, जेवतांना लहान मुलानें जवळ गेलेलें त्याला खपत नाहीं. ही दुसरी गोष्ट लपविणें म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला धोक्यांत घालणें होय. मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या गांवांतूनच जातो. जुन्या घराच्या ओढीनें निघालेलें जनावर ट्रकखालीं सांपडावयास उशीर लागत नाहीं. म्हणून पहिले कांहीं आठवडे त्याला दोरीनेंच फिरविलें. तरीहि पहिल्या तीन रात्रीं तो रडला. चौथ्या दिवशीं जेवला.

बाईंना दुसऱ्याच आठवड्यांत भेटावयास यावयाचें होतें. थोडें थांबा, असें मीं कळविलें. त्या आल्या दोन महिन्यांनीं. मोत्यानें त्यांचा पदर हुंगला, पुष्कळ वेळ शेपूट हलविलें आणि मग तो सालदाराच्या पायांशीं जाऊन बसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. तें सुखाचें कीं दुःखाचें, हें मीं विचारलें नाहीं. औषधाचे पैसे दर महिन्याला पुण्याहून येतात. सांधे दुखतात म्हणून सालदार थंडींत त्याला कोठ्यांत, बैलांच्या उबेला, धानाच्या तणसावर निजवितो.